बब्रूअण्णांच्या पडद्यावरची रेघ

सुलोचनावहिनी, ज्योती, सिद्रामशेठ, आणि जमलेल्या सगळ्या मंडळींनो,

मी अंबादास. सिद्रामशेठच्या चादरीच्या कारखान्यात डिझाइनचं काम करतो. जेकार्ड मागावर जी नक्षी उतरते, ती आधी कॉम्प्युटरवर एकेक चौकट भरून काढावी लागते. एक उभी ओळ म्हणजे एक उभा धागा. दिवसभर गप्प बसून चौकटी भरणारा माणूस मी. माईकसमोर बोलायची सवय नाही. ज्योतीनं ‘काका, दोन शब्द बोला’ म्हटलं तेव्हा मी नाही म्हणणार होतो. मग हो म्हटलं. का म्हटलं, तेच सांगायला उभा आहे. वाकडंतिकडं झालं तर सांभाळून घ्या.

आत येताना तुमच्यापैकी दोघा-तिघांनी मला विचारलं, अण्णांच्या फोटोवर ती हिरवी रेघ कसली? बघा, उजव्या बाजूला, वरपासून खालपर्यंत. हा फोटो कागदाचा नाही. हा पडदा आहे. एका मोडक्या लॅपटॉपचा पडदा, अण्णांनीच मॉनिटर करून दिलेला. तो माझा आहे. माझ्या टेबलावरून काल काढून आणलाय. ती रेघ त्या पडद्याची आहे आणि त्या रेघेबद्दल मला बोलायचं आहे.

अण्णांना जाऊन आज दहा दिवस झाले. दुपारी जेवून दुकानात आले, खुर्चीत बसले, आणि तिथंच गेले. त्यांची सोल्डरिंगची गन तापलेलीच होती, असं ज्योती सांगते.

तुमच्यातल्या काही जणांना अण्णा फक्त गाडीत पडदा बसवणारे म्हणून माहीत असतील. म्हणून थोडं मागचं सांगतो. अण्णा मूळचे वैरागचे. तिथं टीव्ही दुरुस्त करायचे, ते डब्ब्यासारखे जाडजूड टीव्ही. ते टीव्ही संपले तसे अण्णा सोलापूरला आले. इथं त्यांना भंगारात लॅपटॉप दिसले. बिजागरी तुटलेली, आतला बोर्ड जळालेला, कुणीतरी चहा सांडलेला. पण पडदा बहुतेक वेळा चांगला. अण्णा तो काढायचे. त्याच्या पाठीवरचा नंबर बघायचे, त्या नंबराला जुळणारा छोटा बोर्ड जोडायचे, बारा व्होल्टचा अडॅप्टर लावायचे, की झाला मॉनिटर. चौकट फोटोफ्रेमवाल्याकडून करून आणायचे. लाकडी, सोनेरी काठाची, देवाच्या फोटोला असते तशी. मी एकदा म्हटलं, “अण्णा, कॉम्प्युटरला सोनेरी काठ कशाला?” तर म्हणाले, “फ्रेमवाल्याकडं दुसरा न्हवता. आन् वाईट दिसतंय का? गणपती बसवला तरी चालंल की त्यात.”

एक गोष्ट मात्र अण्णा कधी चुकले नाहीत. पडद्यात दोष असेल तर तो लिहायचे. दवाखान्यात जखमेवर लावतात ती पांढरी चिकटपट्टी. तिचा तुकडा पडद्याच्या खालच्या काठावर, अगदी समोर, आणि त्यावर काळ्या पेननं दोष. “डावा कोपरा अंधूक.” “तापल्यावर लुकलुकतो, घाबरू नये.” अक्कलकोट रोडला जीप चालवणारा एक जण मागचा कॅमेरा बघायला पडदा बसवून घेऊन गेला. त्याच्या पट्टीवर होतं, “उन्हात दिसत नाही.” चार दिवसांनी तो भांडायला आला. “अण्णा, आता सावली बघून गाडी मागं घेऊ का मी?” अण्णा शांतपणे म्हणाले, “लिवलंय की. वाचूनच घेतलास न्हवं?” तो जीपवाला हसत गेला. पडदा त्यानं ठेवला.

मी अण्णांना विचारलं होतं, “दुकानदार दोष झाकतो. तुम्ही पाटी लावून दाखवता. धंदा कसा होणार?”

म्हणाले, “दोष ठावं असला की मानूस संबाळून वापरतंय. ठावं नसला की वस्तूला शिव्या घालतंय.”

मला नक्षी बघायला दुसरा पडदा हवा होता. अण्णांनी हाच काढून दिला. रंग चांगला, उजेड चांगला, फक्त ही एक रेघ. म्हणाले, “रेघंखाली काय हाय ते तुला दिसायचं न्हाय. चित्र सरकवून बघत जा. इसरू नगंस.” आणि पट्टी लावली. त्यावर लिहिलं, “रेघ आहे. चित्र सरकवून बघावे.”

दोन वर्षं मी सरकवून बघितलं. पट्टी समोर असायची. नक्षी झाली की नजर पट्टीवर जायची, हात आपोआप चित्र सरकवायचा, रेघेखालच्या चौकटी तपासायचा. दोन वर्षांत एक धागा चुकला नाही.

मग बाहेरगावची एक मोठी पार्टी कारखाना बघायला येणार होती. माझ्या टेबलापाशी उभं राहून नक्षी बघणार होती. मला ती पट्टी खटकली. मळली होती, कडा काळ्या झाल्या होत्या. वाटलं, लोक काय म्हणतील, हे दवाखान्यातून आणलंय का? मी ती पट्टी ओढून काढली. गोंदाचा डाग राहिला. पट्टी कचऱ्यात टाकली. पार्टी आली, खूश झाली, ऑर्डर देऊन गेली. कमळाच्या काठाची चादर हवी होती त्यांना.

कमळाची नक्षी मीच केली. पट्टी समोर नव्हती. मी सरकवून बघितलं नाही.

त्या रेघेच्या बरोबर खाली एक ओळ भरायची राहून गेली होती. एक धागा. तो धागा मागावर चढला, आणि लॉटमधल्या प्रत्येक चादरीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक रेघ उतरली. सिद्रामशेठनी चादर उजेडात धरली आणि मला विचारलं, “अंबादास, ही रेघ कुठनं आली?”

मंडळी, त्या क्षणी मी काय म्हणालो ते सांगतो. मी पडद्याकडं बोट केलं. म्हणालो, “शेठ, हा पडदा खराब आहे. जुन्या लॅपटॉपचा आहे. बब्रूअण्णांकडचा.”

एवढंच म्हणालो. पुढचं काम लोकांनी केलं. पेठेत महिनाभर एकच गोष्ट चालली होती, अण्णांच्या पडद्यातली रेघ चादरीत उतरली. तुम्हीही ऐकलं असेल. इथं बसलेल्यांपैकी काहींनी मला येऊन विचारलंही होतं, आणि मी मान डोलावली होती. आता जरा विचार करा. पडद्यावरची रेघ नक्षीच्या फाइलमध्ये जाईल कशी? चष्म्याला ओरखडा असला म्हणून समोरच्या माणसाच्या गालावर ओरखडा उठतो का? मला हे तेव्हाही माहीत होतं. या गावात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी मी गप्प बसलो, कारण पेठेतली ती गोष्ट खरी मानणं सगळ्यांना सोपं होतं, आणि मला सोयीचं.

इतर कारखान्यांतल्या डिझाइनवाल्यांनी अण्णांकडून घेतलेले पडदे परत नेऊन दिले. नवीन कुणी घेतले नाहीत. अण्णांनी परत आलेले पडदे घेतले, एकालाही उलटून बोलले नाहीत. त्यानंतर ते गाड्यांचंच काम करत राहिले. होटगीच्या एका शाळेनं मुलांसाठी पडदे सांगितले होते, त्यांनीही ऐनवेळी नको म्हणून कळवलं. ते अण्णांना फार लागलं असं वहिनी मला परवा म्हणाल्या.

त्या गोष्टीनंतर अण्णा एकदा माझ्याकडं आले. कारखान्यात, भर दुपारी. मला वाटलं, आता भांडतील. ते म्हणाले, “वायर ढिली झाली आसंल, बघतो.” पडदा उलटा केला, मागचं झाकण काढलं, बराच वेळ काहीतरी करत बसले. मग सरळ केला. खालच्या काठावरच्या त्या गोंदाच्या डागावरून त्यांनी अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाले, “चालतोय न्हवं?”

मी म्हटलं, “चालतोय.”

“मग झालं की.”

चहा घेतला आणि गेले. मला सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर वाटली, आणि तीही मी कुणाला दिसू दिली नाही. अण्णा त्यानंतर तीन वर्षं होते. त्यांच्या दुकानावरून मी जवळजवळ रोज जायचो. सांगायला तीन वर्षं होती माझ्याकडं.

परवा ज्योतीचा फोन आला. “काका, बाबांचा फोटो त्यांच्याच पडद्यावर लावायचाय. दुकानातले सगळे खोललेले पडलेत. तुमचा चालू आहे ना?” मी हो म्हटलं. काल पडदा काढायला गेलो. सोनेरी काठ धरून उलटा केला, वायर सोडवायला. आणि मागच्या झाकणावर पांढरी चिकटपट्टी दिसली. अण्णांचं अक्षर. त्या दुपारी मागं बसून ते हेच करत होते.

मी पट्टी वाचून दाखवतो. जशी आहे तशी.

“रेघ आहे. चित्र सरकवून बघावे. पट्टी मागे लावली आहे. पाहुण्यांना दिसणार नाही.”

म्हणजे अण्णांना ठाऊक होतं. पट्टी मी काढली हे, का काढली हे, आणि लॉट कुणामुळं वाया गेला हेही. त्यांनी एक शब्द सगळ्यांसमोर बोलायचा अवकाश होता, त्यांचं नाव साफ झालं असतं. ते बोलले नाहीत. माझी अडचण काय होती तेवढं त्यांनी ओळखलं, आणि पट्टी लपवायची सोय करून दिली. मी तीन वर्षं पडद्याची पुढची बाजूच पुसत बसलो.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “आता कुणाला सांगणार? सांगायचा माणूस गेला.” म्हणून तुम्हाला सांगतोय.

सिद्रामशेठ, त्या दिवशी तुम्ही विचारलंत, रेघ कुठून आली. माझ्याकडून आली. माझं काय करायचं ते तुम्ही ठरवा, मी उद्या कामावर येतोय.

डिझाइनवाल्या मित्रांनो, अण्णांनी तुम्हाला कधी खराब वस्तू फसवून दिली नाही. ज्योती दुकान चालवणार आहे. तिलाही लोक विचारतात, ‘ते रेघवाले पडदे तुमचेच ना?’ तिनं काय उत्तर द्यायचं? यापुढं कुणी विचारलं, तर तुम्ही उत्तर द्या. रेघ अंबादासची होती म्हणून सांगा.

सुलोचनावहिनी, तुमची माफी मागतो. ती द्यायचीच असं माझं म्हणणं नाही.

आता उठून उभे राहू या. दोन मिनिटं शांत उभं राहू. उभं राहताना फोटोच्या खालच्या काठाकडं बघा. तिथं पांढरा तुकडा आहे, लांबून कागद वाटला असेल.

अण्णा, पट्टी पुढं लावली आहे. सगळ्यांना दिसते आहे.