बावीच्या पाण्याचा कॅन

...आणि वर मलाच म्हणतात, "सोनम, तू पाणी कमी पितेस म्हणून तुझे केस गेले!" मी कमी पिते? मी? अहो, तुम्हाला सांगते, जिचा नवरा पाण्याचा टँकर चालवतो, दिवसभर नवीन पनवेलच्या सोसायट्यांना पाणी पाजत फिरतो, आणि जिच्या स्वतःच्या सुकापूरच्या घरात नळ एक दिवसाआड येतो, तोही त्याच्या मनात असेल तर... तिला तुम्ही पाण्यावरून बोलता? पण बोलायला काय लागतं! केस माझे गळत होते, तोंडं बाकीच्यांची चालत होती. केस कमी होत होते तसतसे सल्ले वाढत होते. त्या सल्ल्यांना तेल लावलं असतं ना, तर एव्हाना कमरेपर्यंत आले असते!

तसं नव्हतं हो माझं डोकं. आता दिसतंय त्यावर जाऊ नका. मी उरणजवळच्या चिरनेरची. तिथं आमच्या घरामागं बाव होती, बाव म्हणजे विहीर, पण आमच्यात विहीर म्हटलं तर कुणी लक्षच देणार नाही. काळ्या दगडाची, आत उतरायला पायऱ्या, कडेला एक वाकडं उंबराचं झाड. सातवी झाली आणि माझी शाळा सुटली, पण बाव काही सुटली नाही. सकाळी आम्ही पोरी पाण्याला जायचो, बाकीच्या हंडा डोक्यावर घ्यायच्या आधी फडक्याची चुंबळ करायच्या, डोक्याला टोचू नये म्हणून. मला चुंबळ लागतच नव्हती! हसताय काय? खोटं सांगत नाही. केसांचा बुचडा टाळूवर बांधला की हंडा त्यावर असा बसायचा, असा बसायचा... की मी दोन्ही हात मोकळे सोडून चालायची आणि वाटेत करवंदं खायची!

आणि तहान लागली तर पेला कुठला? पायरीवर उतरायचं, ओंजळ करायची आणि कोपरावरून ओघळून पोलक्याची बाही भिजेपर्यंत प्यायचं. किती प्यायलो ते कोण मोजतंय! आई वरून ओरडायची, "पी गो पोरी, पी! बावीचा पानी पोटान नाय जात, डोक्यावर उगावतंय!" मला वाटायचं खरंच आतून उगवत असणार. भाताला पाणी लागतं, दुधीला लागतं, मग केसाला का नाही?

मग लग्न झालं, मग पोरगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ह्यांना उरणच्या रस्त्यानं अजिबात नेऊ नका." त्या रस्त्याला कंटेनरच कंटेनर, खड्डेच खड्डे, पोर वाटेतच झालं असतं. म्हणून मी माहेरी जायच्या ऐवजी माहेरच माझ्याकडं आलं, म्हणजे आई आली. आता एका घरात आई आणि सासूबाई! एरवी ह्या दोघींचं कालवणातल्या मिठावरून एकमत होत नाही, पण एका गोष्टीत दोघी सख्ख्या बहिणी झाल्या. बाळंतिणीला पाणी द्यायचं नाही!

"सासूबाई, घोटभर पाणी..."

"पानी? कच्चा पानी? पोट सुटल तुजा, हंड्यावानी!"

"आई, तू तरी..."

"गप ऱ्हा. पोरीला सर्दी व्हल. ह्यो घे ओव्याचा."

ओव्याचं उकळलेलं पाणी, वाटीभर! वाटी पण ती, लोणच्याची! आणि बाहेर मोरीत बादली भरत्येय, तिचा आवाज येतोय, मी खाटेवर पडून ऐकत्येय... त्या दिवसांत तुम्हाला सांगते, मी डोळे मिटले की मला बाव दिसायची. मी पायरी उतरत्येय, ओंजळ भरत्येय, आणि तोंडाला लावणार इतक्यात पोरगी रडायची.

व्हायचं तेच झालं. मला उन्हाळी लागली, लघवीला जायचं म्हणजे अंगावर काटा यायचा, पोट साफ नाही, उठलं की भिंत फिरायची. सव्वा महिना झाला, आई चिरनेरला गेली, आणि थोड्या दिवसांनी केस सुरू झाले! म्हणजे जायला सुरू झाले! कंगव्यात केस, उशीवर केस, मोरीच्या जाळीत केस. ह्यांच्या ताटातल्या भाकरीत केस निघाला, ह्यांनी नुसता उचलून माझ्यापुढं धरला... अख्खा, लांबलचक! एकदा तर पोरगी थांबेचना, रडतेय, रडतेय, बघते तर तिच्या पायाच्या अंगठ्याला माझा केस आवळून बसलेला, अंगठा लाल झालेला! म्हटलं, केस जातायत ते जातायत, जाताना माझ्या पोरीला घेऊन जातात की काय? तेव्हापासून झोपताना डोक्याला फडकं बांधायची. आणि केस? केस आपले गळतायत!

गेले डॉक्टरीणबाईंकडं, सासूबाई बरोबर. बाई म्हणाल्या, "पाणी किती पिता?" मी सासूबाईंकडं बघितलं. सासूबाईंनी पंख्याकडं बघितलं. मी म्हटलं, "वाटीभर... ओव्याचं." बाई खुर्चीतून उठल्याच! "अहो, बाळ अंगावर पितंय ना? मग दूध कशाचं होणार, हवेचं? डोकं दुखणार, चक्कर येणार, जळजळ होणार, नाही तर काय होणार! पाणी प्या, भरपूर प्या!"

मी म्हटलं, "आणि केस? पाण्यानं येतील?"

"पाण्यानं केस उगवत नसतात हो. पाण्यानं तुम्ही धड राहाल. बाळंतपणानंतर सगळ्यांचेच गळतात, येतात परत. मासे खा, डाळी खा, दिलेल्या गोळ्या खा, आणि काळजी सोडा."

काळजी सोडा! अहो, काळजी सोडली तर ह्या घरात माझं स्वतःचं असं उरतं काय?

पण सासूबाईंना ते फार लागलं. आपण सुनेला तहानलेली ठेवली असं डॉक्टरणीला वाटलं, ह्या विचारानं त्या इतक्या पेटल्या की घरी पोचायच्या आत रिक्षातच म्हणाल्या, "सोनम, पानी पी!" मग सुरूच झालं. पोरीला पाजायला बसले, की ह्या तांब्या घेऊन उभ्या. "पानी पी!" भाकरी थापतेय, "पानी पी!" शेजारी कुणी आलं की मोठ्यानं, "सोनम, पानी पिलंस का गो?" म्हणजे सगळ्या चाळीला ऐकू गेलं पाहिजे! माझं पोट हललं की आत डबक वाजायचं. मोरीच्या चकरा मारून मारून पायांत गोळे आले. आणि केस? केस आपले गळतायत!

शेजारची आसिया आली, तिचा नवरा कुवेतला असतो, तिनं एकटीनं पोरगा वाढवलाय. मला गटागटा पिताना बघून कपाळालाच हात लावला तिनं. "या अल्लाह! सोनम, अगो उभ्यानं काय पितेस म्हशीसारखी? बस आधी. बिस्मिल्ला कर, तू तुझ्या देवाचं नाव घे, आणि तीन दमात पी. सबर से." मी बसून प्यायला लागले, तीन दमात. उन्हाळी थांबली, चक्कर थांबली, खोटं कशाला बोलू, अंगात जीव आला. आसिया म्हणाली, "बघ! तबियत सुधारली की नाय?" म्हटलं, "तब्येत सुधारली गं, पण केस?" ती म्हणाली, "बाल गेले तर जाऊ दे, बच्ची सलामत ऱ्हाऊ दे." हिचं काय जातंय? हिची वेणी अशी जाड, दोरखंडासारखी!

मग मात्र माझ्या डोक्यात आलं. पिते तर मी भरपूर, मग चुकतंय कुठं? पाणीच चुकतंय! नळाच्या पाण्याला तो औषधाचा वास, टँकरच्या पाण्याला पाइपाचा वास. ह्या पाण्यानं काय उगवणार? एकदा मनात वास बसला तो बसलाच. घोट घशाखाली उतरेना. सासूबाई तांब्या ठेवून गेल्या की मी गुपचूप तुळशीला घालायची. तुळस अशी फोफावली... आणि इकडं माझं दूध कमी व्हायला लागलं! पोरगी ओढतेय, ओढतेय, आणि सोडून रडतेय. मग मी पण रडले. हे कामावरून आले, म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "मला माझ्या बावीचं पाणी आणून द्या!"

"टँकरवाल्याला पाणी आणायला सांगतेस?"

"तुमचं नको! चिरनेरचं पाहिजे!"

हे पोरीला खांद्यावर घेऊन घरभर फिरले. आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला सांगते, दारात कॅन! पांढरा, लाल झाकणाचा, बाहेरून ओला. म्हणाले, "उरणकडं फेरी होती. तुझ्या आईनं स्वतः भरून दिलंय."

मी झाकण उघडलं. वास नाही! मोरीत बसले, ओंजळ केली, ह्यांना म्हटलं ओता... आणि काय सांगू तुम्हाला, पहिल्याच घोटाला ती पायरी, ते उंबराचं झाड, आईचं ओरडणं, सगळं सगळं पोटात उतरलं. बाही भिजली, डोळे भिजले. मी म्हटलं, "आईला फोन करते, पाणी पोचलं म्हणून." तर हे घाईनं, "नको नको! लेकीनं पाण्याचे आभार मानायचे असतात का? मनाला लागेल त्यांच्या." मला ते पटलं! म्हटलं, किती समजूतदार नवरा! फोनवर मी आपलं एवढंच विचारायची, "आई, बाव कशी आहे गं?" आई म्हणायची, "बाव कंदी पलतेय का? जाग्यावर हाय!"

कॅन येत राहिला, मी पीत राहिले, दूध भरभरून आलं. आणि केस? थांबले! आधी गळायचे थांबले, मग कपाळावर बारीक बारीक लव आली, उभीच्या उभी, शेतात भाताचा तरवा रुजतो ना, तशी! मी आरशापुढून हलेना. सासूबाई म्हणाल्या, "माजा तांब्या!" आसिया म्हणाली, "तीन दम!" मी मनातल्या मनात म्हटलं, बोला, बोला! कुणाचं पाणी आहे ते मला माहीत आहे.

मग पोरीचं जावळ काढायचं ठरलं. जावळ मामाच्या मांडीवर काढतात, आणि मामा म्हणजे माझा भाऊ गणू, चिरनेरला. किती दिवसांनी माहेरी! हे पहाटेच टँकर घेऊन गेले, म्हणाले, "एक फेरी करून मी तिकडंच येतो." सासूबाई, मी आणि पोरगी रिक्षानं गेलो. घरात पाय टाकला, पोरगी गणूच्या हातात दिली आणि मी मागच्या दारानं पळतच सुटले. केसांचा एवढासा बुचडा बांधला होता मुद्दाम... म्हटलं, बावीला दाखवू!

बघते तर काय... बावीवर लोखंडाची जाळी. जाळीत गवत. खाली वाकून बघितलं तर तळाला उंबराची सुकी पानं आणि एक फुटकी बादली. पाण्याचा टिपूस नाही. शेजारी प्लॅस्टिकची काळी टाकी, आणि टाकीला लागून टँकर. टँकरच्या पुढं लिंबू-मिरची... ती मीच बांधलेली! आणि टँकरवर उभं राहून, हातात पाइप धरून, कोण? आमचे हे!

मागून आई आली कळशी घेऊन. "बरा झाला, जावयानं टँकर आनला, पावन्यांचा भात तरी शिजल."

"आई... बाव?"

"आटली गो. पावसाआदीच आटली. रस्त्यासाठी डोंगर फोडला न् झरा कुठं गेला, देवाला ठाव. तुला बोलली नाय... वली बालंतीन तू, रडत बसली असतीस."

"मग तू मला कॅन कुठनं भरून दिलेस?"

"कसले कॅन?"

दोघींनी वर बघितलं. हे तिथूनच, टँकरवरून, पाइप हातात धरून... पळणार तरी कुठं? म्हणाले, "तू घरचं पाणी तोंडाला लावत नव्हतीस. पोरगी भुकेनं रडत होती. टँकर भरायच्या पॉइंटवर बोअरिंग आहे, तिथनंच भरायचो... कॅन तेवढा नवीन घेतला."

इतकी चिडले मी, इतकी चिडले! म्हटलं, आता असं बोलते की टँकर रिकामा होईल! पण घरातून पोरगी रडल्याचा आवाज आला, जावळाला सुरुवात झाली होती, आणि आवाज असा खणखणीत... पोट भरलेल्या पोराचा असतो ना, तसा. मी आपली बावीच्या कठड्यावर बसले. हे खाली उतरले, पाइप माझ्यापुढं धरला. मी ओंजळ केली. बसून, तीन दमात प्यायले. कोपरावरून ओघळलं, बाही भिजली. आणि सांगू का... मेली चव तीच!

परवा आईचा फोन आला. म्हणाली, "सोनम, तुजे केस बगितले ना, तवापासून मनात हाय. माजे पन लय गलतान गो. जावयाला बोल, येताना तुमचे सुकापूरचा पानी येक कॅन भरून आन. ह्या आमचे पान्यान काय राम नाय ऱ्हायला."

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या ते सांगणार होते... पण सकाळी उठून कॅन घासला, लाल झाकण नीट बसवलं आणि ह्यांच्या हातात दिला. म्हटलं, "जाताना भरून न्या. आणि आईला सांगा... सोनमनं स्वतः भरून दिलंय!"