पुसल्या गेलेल्या बिलांबाबत

मी, पंपदुरुस्ती व सुट्या भागांच्या दुकानाची भागीदार, वय अठ्ठावन्न, धंदा दुकानदारी, राहणार दुकानाच्याच वरच्या मजल्यावर, समक्ष हजर राहून सांगते की,

दुकान माझे पती, धाकटे दीर आणि मी चालवतो. हिशेबाला एक बाई आहेत. सगळे त्यांना अक्का म्हणतात.

हिशेबाचे सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याने दोन प्रकार दाखवले होते. महागड्यात प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा असतो आणि कोणी काय पुसले ते कळते. दीर म्हणाले, घरच्या घरात ही चोर-पोलिसांची भानगड कशाला. म्हणून साधे घेतले. पासवर्ड चौघांचा एकच. पुसलेले परत मिळत नाही.

गेल्या महिन्यापासून रोखीची बिले नाहीशी होऊ लागली. दिरांनी अक्कांवर संशय घेऊन येथे पोलीस ठाण्यात तक्रार दिली. अक्कांना चौकशीला बोलावले गेले. तेव्हापासून त्या कामावर आलेल्या नाहीत.

आज सकाळी मी गोदामातून परत आले तेव्हा पती संगणकापुढे बसून एकेक बिल पुसत होते. मी कारण विचारले. ते म्हणाले, "हे पंप दुरुस्त होऊन गेले ना? मग फळा पुसायला नको?" पूर्वी आम्ही कामे फळ्यावर खडूने लिहीत असू. नंतर त्यांनी विचारले, "अक्का आज दिसत नाहीत?"

पतींना वर्षभर विसर पडतो आहे. डॉक्टरांचे औषध चालू आहे.

मी दिरांना बोलावून दाखवले. ते खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. मग म्हणाले, "वहिनी, लोक विचारतील, मग केलं कुणी?" मी म्हटले, ते मी सांगेन. तक्रार मागे घेण्यास ते दुपारी येत आहेत.

येथे येण्याआधी मी अक्कांच्या घरी गेले. त्यांनी पाणी दिले, सगळे ऐकून घेतले. परत याल का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "मालकांना एकटं बसू देऊ नका."

आता महागडे सॉफ्टवेअर घ्यायचे ठरले आहे. त्यात पतींना बिले फक्त पाहता येतील. त्यांना हे सांगितलेले नाही.

अक्कांविरुद्ध माझी काही तक्रार नाही. पतींना ठाण्यात बोलावू नये, ही विनंती. चौकशी करायचीच असेल तर साहेबांनी दुकानात यावे. पती आधी विचारतील, पंप कुठला बिघडलाय. तेव्हा कृपया काहीतरी सांगावे.

लिहिलेले मला वाचून ऐकवले. मी बोलले तेच त्यात उतरले आहे, म्हणून सही करते.