चढावर थांबणारी गाडी

विठ्ठल विठ्ठल म्हणा, मंडळी! मागच्यांनीसुद्धा म्हणा — आवाज काही उसना आणलेला नाही!

आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. ज्याची आपल्याला गरज असते, त्याच्या दारात आपण थांबतो. खरं ना? आता समजा, देवानं बळ दिलं आणि गरज संपली. मग त्या दारात थांबायचं की नाही?

लगेच माना हलवू नका! मान हलवायला काय लागतं? आधी ऐका.

ज्ञानू चाळके म्हणून एक माणूस होता. कुंभारखिंडीच्या घाटात त्याची वडापची गाडी — माणसं भरून न्यायची हो, दाटीवाटीनं! सकाळी वरच्या वाड्यांतली माणसं घेऊन खाली बाजाराला, दुपारी त्यांनाच घेऊन परत वर. रोज. खाडा नाही.

गाडीचा सांगाडा लोखंडासारखा पक्का, पण इंजिन? छोटं! घाट अर्धा चढत आला की गाडी खोकायला लागायची. म्हसोबाचं वळण आलं की पाणी उकळायचं. फुस्स! वाफच वाफ! माणसं पटापट खाली. मग बोलणी सुरू —

"ज्ञानबा, गाडी हाय का चहाची किटली?"

"पत्ती टाक रं, साखर आमी आणतो!"

ज्ञानू बिचारा हसायचा. दुसरं करणार काय?

पण मंडळी, देव कसा! गाडी जिथं उकळायची, तिथंच बायजाक्काचं खोपट. एकटी म्हातारी, एक शेळी. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. माणूस दिसायचा तो सावलीसारखा. पण कान? गाडी खालच्या वळणाला खोकली, की हिला वर कळायचं — आला माझा ज्ञानू! कळशी कमरेवर, म्हातारी रस्त्यात हजर.

"झाकण उघडू नगंस रं मुडद्या, तोंड भाजंल! निवू दे आधी!"

गाडी निवायची, माणसं जांभळाखाली बसायची, आक्काचं ताक प्यायची. पाणी ओतलं की गाडी चालू व्हायची, पण भरल्या ओझ्यानं चढावर उचलायची नाही. मग ज्ञानू रिकामी गाडी पुढे काढायचा आणि माणसं मागून चालत. भाडं गाडीचं, प्रवास पायांचा!

असं वर्षानुवर्षं चाललं. आणि एक दिवस गाडीत बसला नवरदेव.

मुहूर्त वरच्या वाडीत. वळण आलं. फुस्स! नवरदेव खाली. त्या दिवशी गाडी रिकामीसुद्धा उचलेना. अहो, डोक्याला मुंडावळ्या, खांद्यावर शेला, आणि गाडीला धक्का! करवली ओरडते, "दादा, शेला सांभाळ!" सासरा वरून वाट बघतोय, जावई गाडी ढकलतोय! लग्न लागलं हो कसंबसं. पण नवरदेवाचा बाप ज्ञानूला सगळ्यांदेखत म्हणाला, "चाळके, उद्यापास्नं तुज्या गाडीत आमचं कुत्रंबी बसायचं न्हाई."

ते लागलं त्याला. फार लागलं.

गेला तो रशीदमामा मिस्त्रीकडे. "मामा, मोठं इंजिन बसवा."

मंडळी, इंजिन मोजतात सीसीवर. सीसी म्हणजे काय? समजा, इंजिनाचं पोट! जितकं पोट मोठं, तितका जोर मोठा. हे फक्त इंजिनाचं हं! माणसात पोट वाढलं की जोर वाढतो असं नाही. पाटील, मी तुमच्याकडे बघितलेलं नाही!

रशीदमामा म्हणाले, "ज्ञानू, नुसतं इंजिन मोठं घालून भागत नसतं. रेडिएटर मोठा पाहिजे, ओझं पेलायला स्प्रिंगचे पाटे पाहिजेत, ब्रेक पाहिजेत. नाहीतर वर नेशील झोकात, आणि खाली येशील थेट अल्लाच्या दारात!"

आता तुम्हाला वाटलं, बुवा ब्रेकची गोष्ट सांगणार. गाडी सुटणार, दरीत पडणार! नाही हो! ज्ञानूनं ब्रेकही बदलले आणि नवं इंजिन सरकारी कागदावरही चढवून घेतलं. माणूस सरळ होता. आणि तरी चुकला! सरळ माणूस कुठं चुकतो, तेच तर सांगायचंय.

पहिला दिवस. गाडी भरली. घाट लागला. काय तो आवाज! खोकला गेला, डरकाळी आली. पहिलं वळण, दुसरं वळण — माणसं श्वास धरून बसलेली. म्हसोबाचं वळण आलं. आणि मंडळी... गाडी निघून गेली! लोण्यातून सुरी जावी तशी! आत टाळ्या, शिट्ट्या!

त्या गडबडीत ज्ञानूनं बघितलं. बायजाक्का रस्त्याकडेला उभी. कमरेवर कळशी.

त्याच्या मनात आलं, थांबावं. पण चढावर घेतलेला जोर मोडू नये, हे त्याच्या हाडात भिनलेलं. एकदा थांबलो आणि परत नाही उचलली तर? टाळ्या वाजवणारी हीच माणसं हसतील! उद्या थांबू.

उद्या आला. उद्याला काय, तो रोजच येतो! दुसऱ्या दिवशीही गाडी गेली. तिसऱ्या दिवशी एक नवीच अडचण — आता थांबलो तर काय सांगू? काल का थांबला नाहीस म्हणाली तर? कळलं का मंडळी? पहिल्या दिवशी घाई आडवी आली. नंतर आडवी आली लाज! त्या वळणावर डावीकडे दरी, उजवीकडे बायजाक्का. आणि ज्ञानू दरीकडे बघून गाडी चालवायला लागला!

असे किती दिवस गेले कोण जाणे. एकदा बाजाराच्या स्टँडवर ज्ञानू माणसं भरत होता. तेवढ्यात गलका झाला. बघतो तर बायजाक्का! शेळीची दोरी हातात. अर्धा घाट पायी उतरून आली होती. तिनं शेळीला आणलं की शेळीनं तिला, देवाला ठाऊक!

"ज्ञानू चाळके कुटं भेटंल रं?"

दुसरा एक ड्रायव्हर म्हणाला, "ह्यो काय आक्का, तुमच्या म्होरंच."

म्हातारीनं हात पुढे केला, त्याचा दंड चाचपला. "हाईस व्हय रं बाबा! मला वाटलं, आजारी पडलास. तुजी गाडीच येईना. मोडली का रं?"

ज्ञानूनं मागं आपल्या गाडीकडे बघितलं. म्हातारी बोलतच होती,

"पाणी भरून रोज उबी ऱ्हाते. एक नवीच गाडी जाती हल्ली, वाघावाणी गुरगुरत. कुण्या मुडद्याची हाय कुणास ठावं! थांबत न्हाई, हाक देत न्हाई. लई माज आलाय त्याला." आणि दोरी त्याच्या हातात दिली. "ही घे. इक हिला. तुजी गाडी दुरुस्त कर."

मृदंग थांबवा जरा.

बघा, मंडळी, ज्ञानू कसा उभा असेल! हातात शेळीची दोरी. पाठीमागे ती वाघासारखी गाडी. खोटं बोलायला किती सोपं! 'होय आक्का, मोडलीय' म्हटलं की झालं. तिला दिसत नाही. आणि खरं बोलला तर? जे एक माणूस त्याला कधी हसलं नाही, तेच तुटणार!

ज्ञानू म्हणाला, "आक्का... त्यो मुडदा मीच."

"आं?"

"ती गाडी माजीच. इंजिन नवं घातलंय. तुमी दिसायच्या. मी थांबलो न्हाई."

स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. शेळी मध्येच "म्यां" म्हणाली. तिला काय, तिचा जीव वाचला होता!

मग आक्कानं हळूच विचारलं, "मग... चढती का रं नीट?"

"चढती."

"उकळत न्हाई?"

"न्हाई आक्का."

"बरं झालं माय! लई तरास व्हता तुला." आणि पदरानं डोळे पुसत म्हणाली, "पर सांगायचं तरी व्हतंस लेकरा. मी उगाच घोर लावून बसले."

ज्ञानूनं पुढची जागा मोकळी करून घेतली. आक्का बसली. मंडळी, इतकी वर्षं त्या गाडीला पाणी पाजलं, पण बाई त्या गाडीत कधी बसली नव्हती! त्या वळणावर माणसं उतरायची. आणखी एक चढवायला जोर होता कुठं?

शेळी मागं, सगळ्यांच्या मांडीवर. कुणी कुरकुर केली नाही!

म्हसोबाचं वळण आलं. ऐन चढ. ज्ञानूनं ब्रेक दाबला. गाडी थांबली. आक्काला हात धरून खाली उतरवलं, शेळी उतरवली. "परवा बाजारला यायचं माज्यासंगं. डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवू."

"आता म्हातारपणी काय बगायचंय रं?"

"माजी गाडी बगायचीय न्हवं?"

म्हातारी हसली. ज्ञानू वर बसला. मनात एकच — चढावर, भरली गाडी, उचलेल का? क्लच हळूहळू सोडला... आणि गाडी उचलली! एकाही माणसाला न उतरवता उचलली!

तेव्हा त्याला कळलं. मोठं इंजिन न थांबता जातं, हे तर त्यानं पहिल्याच दिवशी बघितलं होतं. आज बघितलं, की मोठं इंजिन थांबून परत निघू शकतं. दुबळी गाडी थांबत होती, कारण तिला पुढं जाता येत नव्हतं. बळकट गाडी थांबते, ती आपल्या मनानं!

म्हणा — विठ्ठल विठ्ठल!

आता तुमची पाळी. देवानं कुणाच्या पोराला नोकरी दिली, कुणाच्या रानाला पाणी दिलं. ज्यांनी पूर्वी हात दिला, त्यांच्या घरावरून आपण मान वळवून जातो. लाज वाटते म्हणून जातो, हे मला ठाऊक आहे. अहो, ते रागावून बसलेले नसतात! ते घोर लावून बसलेले असतात.

माना छान हलताहेत. पण मला माना नकोत. देवळाबाहेर तुमच्या गाड्या उभ्या आहेत, येताना बघितल्या मी. आणि खालच्या वाडीची म्हातारी माणसं काठी टेकत चालत आलीत, ती तिकडे खांबाजवळ बसलीत. आरती लगेच उरकतो. मग मी पायरीवर उभा राहणार आहे. बघू या, किती गाड्या रिकाम्या जातात!