एखादा झोपलेला असेल

मारिबोरच्या दवाखान्यात, तपासणीच्या खिडकीसमोर, बोरुत रांगेत दुसरा होता. त्याच्या पुढच्या म्हातारीने काउंटरवर खाऊचा डबा ठेवला, तशी आतून नर्स म्हणाली,

"नेझ्का आजी, आनंदाची बातमी! लघवीत एकही जंतू नाही."

"नीट बघितलंस ना, पोरी? मागेही असंच म्हणालीस, आणि महिन्याभरात ताप घेऊन आलेच की मी."

"तेव्हाचे चिवट होते."

"डॉक्टरांनी समजावलंय मला. त्या जंतूच्या पोटात त्याचंच विष असतं, त्यावरचा उताराही तोच बनवतो. उतारा संपला की विष चढतं, मग पडून राहतो मेल्यासारखा. औषध मारतं ते फक्त जाग्यांना."

"आजी, आता तुम्ही वर्गच घ्या!"

"कुणाचा? भिंतींचा?"

"बरं, आता गुरुवारी यायला नको. सुटलात!"

"गुरुवारी नको? अगं, पोतित्सा केक मी गुरुवारीच करते. तुझ्या धाकटीला अक्रोड आवडतात म्हणालीस, म्हणून भरपूर घालते."

"आता तुम्हीच खा की."

"अख्खी?"

"आजी, मागे रांग आहे हो."

"एकच सांग. झोपलेला जंतू किती दिवस तग धरतो?"

"कुणास ठाऊक. कधीकधी महिनेसुद्धा."

"मग एखादा असेल की गं."

"आजी, जंतू नसणं चांगलं असतं. पुढचे कोण? या."

बोरुत जागचा हलला नाही.

"कळतं गं मला. तरी एकदा बघ ना परत. मी थांबते."