मेहेरबाईंच्या घरची न वाजणारी बेल

आजच्या सभेच्या अध्यक्षा आणि आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका सन्माननीय मंजुळाबाई, व्यासपीठावर विराजमान झालेले शिक्षण खात्याचे साहेब आणि ग्रामपंचायतीचे मान्यवर सदस्य, ज्यांच्यासाठी आपण सगळे कामधंदा आवरून इथे जमलो त्या, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती सुलोचनाबाई मेहेर, त्यांचे यजमान दिनानाथराव, पहिल्या रांगेत नवं लुगडं नेसून बसलेल्या त्यांच्या सासूबाई भागीआजी आणि बोईसरच्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी बळवंत राऊत. या गावात घरोघरी वायरिंगची कामं करतो. माझ्या दोन्ही मुली बाईंच्या हाताखाली शिकल्या, म्हणून पालकांच्या वतीने बोलायला मला उभं केलंय. खरं तर वायरमनला लोक माइक दुरुस्त करायला बोलावतात, माइकवर बोलायला नाही. तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

बाईंनी शाळेत काय केलं ते आधीच्या वक्त्यांनी फार सुंदर शब्दांत सांगितलं. मी त्यांच्या घराबद्दल बोलणार आहे. साहेब, तुम्ही घड्याळाकडे बघू नका, विषय सोडून मी जाणार नाही. माणूस घर कसं बांधतो यावरून तो कसा आहे ते कळतं, एवढं मी माझ्या धंद्यात शिकलोय.

तर गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. बाई तेव्हा समुद्रकाठच्या मुरब्याहून, सासरच्या घरून, रोज एसटीने शाळेत यायच्या. दिनानाथराव इथल्याच कारखान्यात शिफ्टला होते. सकाळी हे घरी पोचत तेव्हा त्या घराबाहेर पडत. नवरा-बायकोची भेट बहुतेक एसटी स्टँडवरच व्हायची! शेवटी दोघांनी बोईसरला घर बांधायला काढलं आणि वायरिंगचं काम माझ्याकडे आलं.

त्या काळी आमची पद्धत काय? एका खोलीला एक बल्ब, एक पंखा, एक प्लग. बोर्ड कुठे, तर वायर कमी लागेल तिथे. घरमालक विचारत नसे, आम्ही सांगत नसू. पण इथे गाठ मास्तरीणबाईंशी होती. भिंती अजून कमरेएवढ्याही नव्हत्या, तरी शाळा सुटली की बाई हातात खडू घेऊन यायच्या. मला म्हणाल्या, "बळवंतभाऊ, सकाळी उठल्यावर तुमचा हात पहिल्यांदा कुठे जातो?" मी म्हटलं, "तपकिरीच्या डबीकडे." तर म्हणाल्या, "मग तुमच्या घरी बटण डबीशेजारी हवं."

दिनानाथराव दिवसपाळीला झोपणार नाहीत आणि रात्रपाळीला झोपणार नाहीत, मधल्या वेळी कधीही झोपतील, म्हणून त्यांच्या खोलीला एक बटण दाराशी आणि त्याच दिव्याचं दुसरं बटण उशाशी. मिक्सरचा प्लग ओट्याच्या वर, वायर पाण्यातून ओढावी लागू नये म्हणून. न्हाणीघराचं बटण बाहेर, ओला हात लागू नये म्हणून. दार कुठल्या बाजूला उघडणार हे त्यांनी सुताराला तीनतीनदा विचारलं, कारण बटण दाराच्या मागे गेलं तर अंधारात दाराशी कुस्ती खेळावी लागते. आज या सभागृहात अशी कुस्ती घरी रोज खेळणारे किती आहेत, हात वर करा! बघा, साहेबांनी पण केला!

पण खरा घोर वेगळाच होता. भागीआजींना ऐकू येत नाही. तापात कान गेले ते गेलेच. आणि त्यांनी सुनेला साफ सांगितलं होतं, "मी नाय येव तुमच्या बोईसरला." का? तर मुरब्याला घराचं दार दिवसभर उघडं. त्यांची जुनी मैत्रीण पारू आली की थेट चुलीपाशी येऊन खांद्याला हात लावणार. बोईसरला दारं बंद. "कोन दारावर आला न परत गेला, मला काय कलनार? मी नुसती भिताडाकडं बगत बसू?" आणि दिनानाथराव म्हणाले, आय नाही आली तर आपणही नाही, घर भाड्याने देऊ. म्हणजे बाईंच्या नशिबी परत ती एसटी! घर अर्धं झालेलं आणि राहायला कोण येणार तेच माहीत नाही.

स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशी बाई धावत आल्या. म्हणाल्या, "दारावर बेलचं बटण बसवा, पण बेल नको. बटण दाबलं की स्वयंपाकघरात, आजींच्या खोलीत आणि मागच्या पडवीत लाल दिवा लागला पाहिजे." मी म्हटलं, "बाई, बेल नाही तर बटण कशाला?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझ्या मुली घरी अभ्यास का करतात ते मला त्या क्षणी समजलं. मी गुपचूप वायरचे पाइप टाकले.

वास्तुशांतीच्या दिवशी आजी आल्या, पण संध्याकाळच्या एसटीने परत जायच्या बोलीवर. बाईंनी आजींना काही न सांगता मुरब्याच्या पारूबाईंना मुद्दाम बोलावलं होतं. पारूबाई बंद दाराशी आल्या, बटणावर अंगठा ठेवला आणि अंगठा काही उचलला नाही. आत तिन्ही लाल दिवे लागले. आम्ही सगळे आजींकडे बघतोय. आजींनी दिवा बघितला. कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "दिसाउजेडी दिवा कोनी जालून ठेवलाय? बिल काय तुमचा बाप भरनार हाय?"

आणि त्या दिवा मालवायला निघाल्या! एकेक बटण दाबून बघायला लागल्या. पंखे फिरले, ट्यूबा लागल्या, मिक्सर घरघरला, भटजींच्या पोथीची पानं उडाली. पण तो लाल दिवा काही मालवेना. मालवणार कसा? बटणावर पारूबाई! शेवटी पारूबाई रागावल्या, आपली टोपली उचलून स्टँडकडे चालू लागल्या. आजींनी खिडकीतून बघितलं आणि मटकन खाली बसल्या. डोळ्यांत पाणी. "बगलंस, सुलू? माझी पारू दारावरनं परत चालली."

बाई पळत जाऊन पारूबाईंना हाताला धरून घेऊन आल्या. मग आजींपुढे बसून हातवारे करून त्यांनी सगळं समजावलं. बटण दाखवलं, दिवा दाखवला, पारूबाईंचा अंगठा दाखवला. आजींनी त्या दिव्याकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "असा नाय. तुजा सासरा होडीवरनं कंदील असा धरून नाय ऱ्हायचा. हालवायचा. मी बंदरावरनं वलखायची, हा माजाच हाय. धरून ठेवला तर नुसता दिवा. हालवला की मंग ती हाक."

पारूबाई परत दाराबाहेर गेल्या. या वेळी बाईंनी त्यांचा अंगठा स्वतःच्या हातात धरला. दाबला, सोडला. दाबला, सोडला. आत दिवा लागला, विझला, लागला, विझला. आणि आजी अशा उठल्या की मी त्यांच्या वाटेतनं बाजूला उडी मारली! दार उघडलं. "ये गो पारू!" एवढेच शब्द, पण सगळी आळी जमा झाली.

त्या संध्याकाळची एसटी आजींशिवाय गेली. दुसऱ्या दिवशी दिनानाथराव मुरब्याहून त्यांची पेटी घेऊन आले. दारावर बाईंनी स्वतःच्या वळणदार अक्षरात पाटी लावली, 'बटण दाबून धरू नये. दाबावे, सोडावे, पुन्हा दाबावे.' ती आजही आहे. वीज गेली तर काय, असं मी एकदा आजींना खुणेने विचारलं. म्हणाल्या, "मंग दार उगडं. तुजी वीज काय रोजची हाय का?"

त्यानंतर मी बोईसरमध्ये जेवढी घरं केली, तेवढ्या घरांत आधी बायकांना विचारलं, म्हाताऱ्यांना विचारलं, आणि मगच भिंत फोडली. बाई, हे तुम्ही मला शिकवलंत, फी न घेता. तुमच्याबद्दल मला फार आदर आहे आणि माया त्याहून जास्त आहे. आज सांगून टाकतो, उद्यापासून तुम्ही शाळेत दिसणार नाही या विचाराने मला कालपासून करमत नाहीये.

आपण सर्वांनी माझं बोलणं एवढं शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. संयोजकांचे आभार. कुणाचं नाव राहिलं असेल, कुठे जीभ घसरली असेल, तर वायरमनचा एखादा जोड सैल राहिला असं समजून पोटात घाला.

आता एकच विनंती. बाईंसाठी टाळ्या वाजवायच्याच, पण त्या भागीआजींपर्यंत पोचणार नाहीत. सुनेचा सत्कार आहे आणि त्यांना तो ऐकू येऊ नये, हे मला पटत नाही. मेन बोर्डापाशी आपले शिपाई जिव्यादादा उभे आहेत. जिव्यादादा, माइकला हात लावू नका, फक्त सभागृहाचे दिवे. दाबून धरायचं नाही. चालू, बंद. चालू, बंद. हं, चला!

वा! आणखी एकदा!

अरे, बघा, बघा! भागीआजी उठल्या. पदर सावरला. दाराकडेच निघाल्या की! काय म्हणतायत त्या? जरा शांत व्हा, ऐकू द्या.

"सुलू, कोन आयलंय गं?"

बाई, तुम्हीच सांगा त्यांना. सगळं गाव आलंय म्हणावं.