सम्यकची कॅसेट

२००४ सालची गोष्ट. कॅम्प एकमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी माझ्या नंबरची वाट पाहत बसलो होतो. पुढे एक बाई आपल्या गेलेल्या मुलाची, कॉम्प्युटर गेम भरलेली जुनी कॅसेट घेऊन आल्या होत्या. दुसऱ्यांचं ऐकणं बरं नव्हे, हे कळत होतं. मला उठवलं मात्र नाही. दुकानदार त्यांना सांगत होता,

“मावशी, सम्यकच्या त्या जुन्या कॉम्प्युटरची नक्कल आता या नव्याच्या आत चालते. कॅसेटवरून गेम चढायला पाच मिनिटं थांबायची झंझट नाय, रंग पण एकदम झकास.”

“गेम त्यानं स्वतः लिहिलाय, भाऊ. नववीत होता.”

“कॅसेट वाचू दे फक्त... अरे, ह्यात तर बुद्धवंदना आहे!”

“ती त्याच्या पुण्यानुमोदनाला मीच भरली. गेमपण असेलच की आत.”

“ह्याच्यावरच भरली?”

“टेपवर लावली तर नुसती कर्कश शिट्टी. वाटलं, खराब झाली.”

“मावशी, ती शिट्टीच गेम होती. टेपवर लावला की गेम असाच वाजतो.”

“त्याच्या मशीनला जोडली की आवाज यायचा नाही हो...”

“वंदना सीडीवर करून देऊ?”

“नको. शेवटी थोडी शिट्टी उरली असेल ना?”

“असेल. पण तेवढ्यावर गेम नाय चालणार.”

“त्याच्या हातची आहे ना? लावा तेवढी.”