गुरुजींचा हात राहिला होता

जमलेल्या मंडळींनो, वहिनी, आणि आपले फादर प्रकाश,

आज मला बोलणं जड जातंय. सोपान गुरुजी असते तर म्हणाले असते, "बाई, वर्गात तर तोंड थांबत नव्हतं तुमचं!" माकणीच्या शाळेत आमचे वर्ग शेजारी-शेजारी. माझं ओरडणं त्यांनी ऐकलं, त्यांचं मी. पण बोर्डाच्या परीक्षेला निघालेल्या प्रत्येक लेकराच्या डोक्यावर गुरुजींचा हात पडायचाच. त्याबिगर पोरं जीपमध्ये बसायचीच न्हाईत.

हा प्रकाशबी त्यांच्याच हाताखाली शिकलेला. मी फादर होणार, असं सांगायला आला, तेव्हा गुरुजींनी त्याला जवळ बसवून घेतलं. मग म्हणाले, "जा बाबा. पण मला परका करू नको."

दोन वर्षांमागं त्याची गुरुदीक्षा झाली, म्हणजे तो फादर झाला. आम्ही माकणीहून जीपनं चर्चला गेलो. गुरुजींनी नवी टोपी घातलेली. प्रकाश गुडघ्यावर बसला. बिशपनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग एकेक फादर येऊन हात ठेवायला लागले. सगळं चर्च चिडीचूप. आणि आमचे गुरुजी उठले की! आपल्याकडं लग्नाकार्यात वडीलधारी उठतातच की आशीर्वाद द्यायला. त्यांना तसंच वाटलं. मी सदरा ओढला. "गुरुजी, बसा!" ऐकतील तर शपथ. गेले आन् फादर लोकांच्या मागं रांगेत उभे राहिले!

तिथल्या एका कार्यकर्त्यानं हळूच सांगितलं, "काका, हे फक्त फादर लोकांसाठी असतंय." गुरुजी परत येऊन बसले. तोंड एवढंसं झालेलं. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "झालोच की ओ बाई परका."

नव्या फादरचा पहिला आशीर्वाद आईला. प्रकाशनं तो दिला. मग सगळ्या गर्दीतून वाट काढत सरळ गुरुजींकडं आला, अंगावरच्या त्या झग्यासकट खाली वाकला. म्हणाला, "गुरुजी, तुमचा हात राहिलाय."

मंडळी, गुरुजी रडले. लई रडले. दोन्ही हात ठेवले त्याच्या डोक्यावर. मग स्वतःची टोपी काढली, डोकं पुढं केलं आणि म्हणाले, "आता तू ठेव."

येताना जीपभर तेच. "माझ्यासमोर वाकला की ओ पोरगं!" शेवटी मी म्हटलं, "गुरुजी, आता ड्रायव्हरलाबी पाठ झालं!" तरी माकणी येईस्तोवर थांबले न्हाईत.

आता ते गप्प झाले. कसं वाटतंय म्हणून सांगू? शेजारचा वर्गच बंद झाल्यावानी.

प्रकाश, बाळा, फादर म्हणायची सवय अजून लागली न्हाय मला. त्या दिवशी तुझ्या डोक्यावर हात पडत होते, तेव्हा कुणी चकार शब्द काढला नव्हता. आज गुरुजींच्या फोटोवर आधी तू हात ठेव. आम्ही तसंच गप्प उभं राहतो. मंडळी, उठा. ज्याला यावं वाटंल त्यानं रांगेत या.

आज कुणालाबी परत पाठवायचं न्हाय.